सुम्ने बसायची विद्या

काहीही न करता बसणं ज्याला खऱ्या अर्थाने जमलं असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. आळशी माणसं मी नागपुरात पुष्कळ पाहिली होती, मी स्वतःही त्यांतला बऱ्यापैकी नावाजलेला होतो. पण आळशी माणूस काम टाळतो आणि टाळण्यात त्याची फार शक्ती जाते. आमचे घरमालक काम टाळत नसत. काम समोर आलं की झडझडून करत, संपलं की त्या क्षणी थांबत, आणि थांबले की पापणीसुद्धा गरजेपेक्षा जास्त हलवत नसत. या अवस्थेला ते 'सुम्ने बसणं' म्हणत. हा कानडी शब्द बंगळुरात आठवडाभर राहिलेल्या कोणाच्याही तोंडी बसतो. उगाच, नुसतं, गप्प, काही कारण नसताना, असं सगळं त्यात एकदम येतं. मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो आणि भाडं किती, पाणी किती वाजता येतं, गच्चीची किल्ली कोणाकडे, असं एका दमात विचारत सुटलो, तेव्हा ते म्हणाले होते, "सुम्ने बस की रे स्वल्प. आधी आलास ते तर पुरतं होऊ दे."

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. राजाजीनगरात एका लहानशा कंपनीत मला नोकरी लागली होती, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर एक चौपन्न-पंचावन्न वर्षांचे गृहस्थ बसत. त्यांनीच आपल्या घराची वरची खोली मला दिली. म्हणजे ऑफिसात ते माझे वरिष्ठ आणि घरी माझे घरमालक. त्यांच्या तावडीतून मी फक्त बसमध्ये सुटत असे, आणि तेही ते स्कूटर काढायचे नाहीत त्या दिवशीच. घराणं मूळचं मराठी, पण तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे उतरलेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कानडी असे, आणि तरी ते माझ्याच मराठीला नावं ठेवत. "ती मराठी कुठं आहे? ती इंग्रजी आहे, शेवटी 'आहे' लावलेली." तोंडावर मी त्यांना सगळ्यांसारखं अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. मनात मात्र ते कायम घरमालकच राहिले, कारण भाडेकरूला घरमालकाची वाटते ती धास्ती मला त्यांच्याबद्दल चोवीस तास वाटायची.

धास्तीचं कारण बटणं. जी वस्तू या क्षणी उपयोगात नाही ती चालू असलेली त्यांना बघवत नसे. मी दिवा लावून पाणी प्यायला दोन पावलं गेलो की परत येईपर्यंत खोलीत अंधार. माझी इस्त्री तर मी शर्टाची बाही उलटवत असतानाच बंद व्हायची. एकदा मी दाढी करत होतो, तोंडाला साबण लावून डोळे मिटले तेवढ्यात दिवा गेला. ओरडलो, तर दाराबाहेरून शांतपणे आवाज आला, "डोळे मिटलेस ना? मग दिवा कुणासाठी?" पैसे वाचवायचे म्हणून ते हे करत असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. पाहुण्यांना दुसऱ्यांदा कॉफी विचारणारं ते गल्लीतलं एकमेव घर होतं. त्यांना त्रास व्हायचा तो वस्तूचा. पंखा रिकाम्या खोलीत फिरतोय म्हणजे कोणी बिचारा विनाकारण राबतोय, अशा कळवळ्याने ते त्याच्याकडे बघत.

स्कूटरवर त्यांच्यामागे बसणं हा एक वेगळाच अनुभव होता. उतार आला की ते इंजिन बंद करत. सिग्नल लाल झाला की बंद करायचं की नाही हे ठरवायला त्यांचा एक नियम होता: किक मारून गाडी पुन्हा सुरू करायला जितकं पेट्रोल जातं, तितकं उभ्या गाडीत जळायला किती वेळ लागतो, ते त्यांनी घरी बाटली लावून मोजलं होतं. सिग्नल त्याहून जास्त थांबणार असेल तर बंद, नाहीतर चालू. आता सिग्नल किती थांबणार हे त्या काळी कुठे लिहिलेलं नसे. पण ते मागच्या तीन-चार वेळा तिथे किती थांबावं लागलं हे आठवून अंदाज बांधत आणि दहातल्या आठ वेळा तो बरोबर येई. उरलेल्या दोन वेळा इंजिन बंद केल्याबरोबर दिवा हिरवा व्हायचा, किक लागायची नाही, मागे बस, रिक्षा, टेम्पो सगळे मिळून आमच्या नावाने शंख करायचे. घरमालक मागे वळून हात वर करत आणि अत्यंत गोड आवाजात "स्वल्प इरी, स्वल्प इरी," म्हणजे जरा थांबा, असं सांगत. मी मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधत असे.

आणि झोप! झोपेचे त्यांचे तीन प्रकार होते. पहिली झोप खुर्चीतच, चष्म्यासकट. टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज झाला तरी ते त्यातून उठत आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करत. दुसऱ्या झोपेसाठी चष्मा आणि चपला काढायच्या, पाय समोरच्या खोक्यावर घ्यायचे. यातून उठवायला दोन हाका लागत. तिसरी झोप म्हणजे टेबलाखाली सतरंजी, तोंडावर ओला पंचा. त्यातून उठायला त्यांना पाव तास लागे, आणि त्या पाव तासात त्यांना काही विचारलं तर ते तुम्हाला ओळखतसुद्धा नसत. कुठली झोप कधी घ्यायची हेही सिग्नलसारखंच ठरे. साहेब फोनवर बोलत असतील तर पहिली. कॉम्प्युटर मोठं काम करत बसला असेल तर दुसरी. दुपारची सुट्टी किंवा वीज गेलेली असेल तर तिसरी. अंदाज चुकला की फजिती ठरलेली. एकदा बाहेरगावचे पाहुणे चारला येणार म्हणून घरमालक तिसऱ्या झोपेत गेले आणि पाहुणे अडीचलाच आले. साहेब मोठ्या अभिमानाने "आणि हे आमचे सर्वांत अनुभवी इंजिनियर" म्हणाले, तेव्हा पाहुण्यांना टेबलाखालून बाहेर आलेले दोन तळपाय दिसले.

तिसऱ्या झोपेतून उठल्यावरचा एक रिवाज मात्र कधी चुकला नाही. पंचा बाजूला करायचा आणि डोळे उघडायच्या आधी जो कोणी जवळ असेल त्याला विचारायचं, "गंटे एष्टु?" किती वाजले? भिंतीवर समोर घड्याळ असे, मनगटावर घड्याळ असे, पण ते माणसालाच विचारत. एकदा मी चिडून म्हटलं, "अण्णा, हातात घड्याळ आहे ना!" तर म्हणाले, "मी झोपलो होतो तेवढ्यात जग पुढं गेलं. कुठं पोचलं ते जगालाच विचारायला नको?" अक्कांना या सगळ्याचं कौतुक नव्हतं. त्या म्हणत, "यांना शाळेत झोपण्याबद्दल मार मिळायचा. आता पगार मिळतो."

हे मात्र अक्षरशः खरं होतं. आमची कंपनी बसच्या कंडक्टरांसाठी एक यंत्र बनवत होती. गळ्यात अडकवायचं, बटणं दाबायची, तिकीट छापून बाहेर. आत एक छोटा प्रोसेसर आणि त्याला कामं वाटून देणारा मुख्य कारभारी प्रोग्रॅम, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो. तो कंपनीतच लिहिला होता आणि आता आम्ही पाच जण त्यावर काम करत होतो. आता कंडक्टर तिकीट फाडतो ते क्षणभर, आणि मधली दोन-तीन मिनिटं यंत्राला काहीच काम नसतं. तेव्हा प्रोसेसर काय करतो? घरमालक कंपनीत आले तेव्हा हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता. कोणीतरी सांगितलं की कर्नल त्याला एका रिकाम्या चक्रात फिरवत ठेवतो. काम आहे का, नाही, काम आहे का, नाही, असं सेकंदाला लाखो वेळा. घरमालकांचा चेहरा पडला. "अय्यो! बसायचंय तर बस की! जागच्या जागी धावतोस कशाला?" तिथून पुढे दोन वर्षं ते एकच काम करत होते: प्रोसेसरला सुम्ने बसायला शिकवणं.

आणि त्यांनी त्याला शिकवलं ते स्वतःवरूनच. पहिली झोप: प्रोसेसर नुसता थांबतो, हाक मारली की उठतो. दुसरी: आणखी काही भाग बंद, उठायला थोडा जास्त वेळ. तिसरी: ज्यांच्या ठेक्यावर प्रोसेसर चालतो ते आतले टोलेसुद्धा बंद, जवळपास सगळंच बंद, कोणी बटण दाबलं तरच जाग. पुढचं तिकीट किती वेळाने येईल याचा अंदाज मागच्या तीन-चार तिकिटांवरून बांधायचा आणि झोप निवडायची. उठण्याचा खर्च वाचलेल्या विजेपेक्षा जास्त होणार असेल तर खोल झोपायचंच नाही. मी हा सगळा भाग वाचला तेव्हा मला स्कूटरवर बसल्यासारखं वाटलं.

गिऱ्हाईक होते एक खाजगी बसवाले, जुन्या वळणाचे म्हातारे गृहस्थ. त्यांची एकच अट होती: बॅटरी एकदा भरली की कंडक्टरची पूर्ण पाळी, म्हणजे आठ तास, चालली पाहिजे. रिकाम्या चक्रात ती तीन तासांत बसायची. पहिल्या झोपेने चार झाले, दुसऱ्या झोपेने पाच. मग घरमालकांनी मोठ्या विश्वासाने तिसरी झोप घातली. यंत्रं दोनच असल्यामुळे दिवसा ती भिंतीच्या विजेवर कामाला लागत, आणि विजेवर असताना खोल झोपेची गरजच नसे. म्हणून परीक्षा अशी चाले: संध्याकाळी घरी जाताना यंत्र बॅटरीवर कपाटात ठेवायचं. बटण दाबायला आम्ही शिवाजीनगरच्या भंगारबाजारातून एक जुनी मोटर आणून, तिची गती कमी करून, तिच्या चाकाला एक खुंटी बसवली होती. ती दर तीन मिनिटांनी टक् करून बटण दाबायची. सुरू झाल्यापासून किती वेळ झाला तो आकडा यंत्र दर तिकिटाला टिपून ठेवायचं. खरं तर प्रत्येक तिकिटाची वेगळी ओळ टिपता आली असती, पण घरमालकांनी ती सूचना उडवून लावली होती. "इतक्या ओळी कशाला? जुना आकडा पुसायचा, नवा लिहायचा. एकाच्या जागेत भागतं की." सकाळी येऊन आम्ही तो शेवटचा आकडा वाचायचो.

तिसऱ्या झोपेनंतर पहिल्या सकाळी आकडा आला साडेतीन तास.

आम्ही पुन्हा बॅटरी भरली, पुन्हा लावलं. साडेतीन. घरमालकांनी झोप आणखी खोल केली. तर तीन. जितकं जास्त निजवावं तितकं यंत्र लवकर मरत होतं! घरमालकांनी बॅटरी बदलली, तारा बदलल्या, आपलाच प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून कागदावर काढून लाल पेनने तपासला. चूक सापडेना. पंधरा दिवस असे गेले, आणि साहेबांनी आम्हाला बोलावलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. ते म्हणाले, म्हातारबोवा सोमवारी येणार आहेत. शनिवारी दिवसा एकदा शेवटची परीक्षा करा. आठ तास झाले नाहीत तर मी परदेशातली तयार प्रणाली घेणार, मग कर्नलचं हे टेबल लागणार नाही. आम्हा चौघा तरुणांना याचं काही नव्हतं. त्या वर्षांत बंगळुरात कॉम्प्युटर येणाऱ्या पोराला एक नोकरी गेली तर संध्याकाळपर्यंत दुसरी मिळायची, आणि अर्धे लोक तर अमेरिकेच्याच रांगेत होते. पण टेबल खरं घरमालकांचं होतं. जवळच्याच एका कारखान्यात सत्तावीस वर्षं काढून, तिथून मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते इथे आले होते. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना दुसरं टेबल कोण देणार होतं? हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

घरमालक "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. दुपारच्या सुट्टीत ते खुर्चीत ताठ बसून राहू लागले. सतरंजी गुंडाळीतच. लाल सिग्नलला स्कूटर फुरफुरत उभी राही आणि त्यांच्या लक्षातही येत नसे. मला खरा धक्का बसला तो गुरुवारी. सकाळी घाईत मी खोलीतला दिवा चालू ठेवून निघालो आणि संध्याकाळी परतलो तेव्हा तो दिवा तसाच चालू होता. दिवसभर! मी जिन्यात उभा राहून त्या उजेडाकडे बघत राहिलो. खाली अक्का म्हणाल्या, "काल मीच त्यांना म्हटलं, स्वल्प आडवे व्हा. म्हणतात, मी दोन वर्षं चुकीचंच शिकवलं त्या यंत्राला. माणसाला जे मानवतं ते त्याला मानवत नाही. अरे, लग्नाला तीस वर्षं झाली, हा माणूस दुपारचा जागा मी पाहिला नव्हता."

शनिवारी सकाळी बरोबर नऊला आम्ही यंत्र बॅटरीवर टाकलं आणि खुंटीचं चाक सुरू केलं. बाकीचे तिघे अर्ध्या दिवसाने घरी गेले. मी आणि घरमालक डबे खाऊन बसलो. टेबलावर दर तीन मिनिटांनी टक्. मी म्हटलं, "अण्णा, इथे बसून काय होणार? मी बघतो. तुम्ही जरा पडा." ते नको म्हणाले. पण अक्कांनी दिलेला दहीभात, दुपारची हवा आणि आठवडाभराचं जागरण यांच्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. बसल्या बसल्या मान कलली. मी हळूच सतरंजी पसरली, त्यांना खाली टेकवलं, पंचा भिजवून तोंडावर ठेवला आणि मासिक वाचत बसलो.

काही वेळाने कारखान्याचा भोंगा झाला. पंचा हलला. आतून आवाज आला, "गंटे एष्टु?"

भिंतीवरचं घड्याळ माझ्या पाठीमागे होतं आणि मान वळवायचा मला कंटाळा आला. समोर यंत्राच्या छोट्या पडद्यावर वेळ दिसत होती, ती मी वाचली. "दहा वाजून चाळीस मिनिटं."

पंचा खाली आला. ज्या माणसाला भानावर यायला पाव तास लागतो तो दोन सेकंदांत उठून बसला. "आत्ता भोंगा झाला तो कसला?"

"कारखान्याचा."

"तो दोनचा भोंगा आहे, नागपूरकर."

"चुकला असेल."

"सत्तावीस वर्षं त्या भोंग्याखाली काढली मी. तो चुकत नाही. चुकायचो तो मी!" आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बोट केलं. दोन वाजले होते. आम्ही दोघंही यंत्राकडे बघायला लागलो. खुंटीने टक् केलं. यंत्र जागं झालं, तिकीट छापलं, एक मिनिट पुढे सरकलं आणि पुन्हा झोपलं. तीन मिनिटांनी टक्. पुन्हा एकच मिनिट. घरमालकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग ते हसत सुटले, असे की खालच्या मजल्यावरचा माणूस वर बघायला आला.

तिसऱ्या झोपेत आतले टोले बंद होत होते. टोल्यांवर यंत्र वेळ मोजत होतं. म्हणजे झोपेतला सगळा वेळ त्याच्या हिशेबी झालाच नव्हता! कपाटातलं ते यंत्र रात्रभर जगत होतं आणि सकाळी आम्हाला सांगत होतं की मी तीनच तास जगलो, आणि आम्ही पाच इंजिनियर, त्यातला एक सत्तावीस वर्षांच्या अनुभवाचा, झोपाळू माणसाला तू किती वेळ झोपलास असं विचारून त्यावर विश्वास ठेवत होतो. प्रत्येक तिकिटाची ओळ टिपली असती तर दोन ओळींमध्ये तीनऐवजी एकच मिनिट दिसून पहिल्या सकाळीच उलगडा झाला असता. पण जागा वाचवली होती ना! घरमालक स्वतःच म्हणाले, "हे माझं. हे मीच केलं." पण म्हणताना त्यांना इतका आनंद झाला होता की ती कबुली वाटेना.

मग आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसलो. चार वाजले. पाच वाजले, म्हणजे आठ तास भरले, आणि टक् झाल्यावर तिकीट आलं. घरमालकांनी माझ्या गुडघ्यावर एक थाप मारली. सहा वाजता अक्का काळजी वाटून थर्मासमध्ये कॉफी घेऊन आल्या आणि त्याही बसल्या. सव्वासातला खुंटीने बटण दाबलं आणि काही झालं नाही. सव्वादहा तास! अक्का विचारत होत्या, "म्हणजे बंद पडलं? मग हसताय काय दोघं?"

चालण्याचा प्रश्न सुटला, पण तिकिटावर चुकीची वेळ छापणारं यंत्र कोण घेणार? रविवारी सकाळी घरमालकांनी तेही निस्तरलं. यंत्रात वेगळ्या सेलवर चालणारी एक घड्याळाची चिप होतीच, पण तिला वेळ विचारायचो ती फक्त यंत्र चालू करताना, एकदा. त्यांनी सहा-सात ओळी घातल्या: तिसऱ्या झोपेतून उठलास की दुसरं काही करायच्या आधी त्या चिपला विचार आणि आपली वेळ जुळवून घे. मी म्हटलं, अण्णा, ती चिप फार हळू उत्तर देते, दर वेळी विचारायचं म्हणजे उठण्याचा खर्च वाढला. ते म्हणाले, "वाढू दे. उठल्यावर जगाशी जुळवून घ्यायला जेवढा तोटा होतो तेवढा सोसायचा. तिथं वाचवायचं नाही." आणि त्या ओळींच्या डोक्यावर त्यांनी इंग्रजी अक्षरांत शेरा लिहिला: गंटे एष्टु.

सोमवारी म्हातारबोवा आले. त्यांनी धोतराच्या कनवटीतून साखळीचं घड्याळ काढलं, यंत्र गळ्यात अडकवलं आणि दिवसभर मधूनमधून बटण दाबून तिकिटावरची वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली. संध्याकाळी म्हणाले, चालेल. साहेबांनी आपल्या सर्वांत अनुभवी इंजिनियरची ओळख करून द्यायला मागे वळून पाहिलं. टेबलाखालून दोन तळपाय बाहेर आलेले होते. यावेळी साहेबांनीच बोट ओठांवर ठेवून म्हातारबोवांना हळूच दुसऱ्या खोलीत नेलं. मी त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मुद्दाम लावून गेलेला माझ्या खोलीतला दिवा बंद होता. अंधारात चाचपडताना माझा गुडघा पलंगाला सडकून आपटला आणि तरी मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांनी मलाही अमेरिकेचं बोलावणं आलं. निघायची टॅक्सी चारची सांगितली होती आणि ती तीनलाच दारात उभी. खाली आलो तर घरमालक पुढच्या खोलीत सतरंजीवर, तोंडावर पंचा. चारचा अंदाज धरून तिसरी झोप घेतलेली. अक्का म्हणाल्या, "उठवू?" टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. यांना उठायला पाव तास लागणार, उठले तरी मला ओळखायचे नाहीत, असा सगळा विचार मी त्यांच्याच पद्धतीने केला आणि म्हटलं, "नको अक्का, झोपू द्या." जाताना खोलीतला दिवा बंद केला.

महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. घरातली खुशाली, कंपनीची खुशाली, गल्लीत नवा सिग्नल बसल्याची बातमी. शेवटी लिहिलं होतं: "पंचा काढून गंटे एष्टु विचारलं तर अक्का म्हणाली, नागपूरकर गेला. तू माझ्या झोपेचा हिशेब केलास तो बरोबर होता. पण तिथं तोटा सोसायचा असतो रे. उठवायला हवं होतंस." मी उत्तरात खूप काही लिहिलं. पुढे पत्रं चालू राहिली, पण भेट झाली नाही, आणि मग एका वर्षी पत्र अक्कांच्या अक्षरात आलं.

ते यंत्र केव्हाच गेलं, कंपनीही गेली. कर्नल लिहिणारी माणसं प्रोसेसरच्या झोपेवर आता मोठमोठे ग्रंथ लिहितात. त्यांत आमच्या घरमालकांचं नाव नाही, असायचं कारणही नाही. गेल्या वर्षी मी बंगळुरात होतो. बेळ्ळंदूरच्या रस्त्यावर तासभर गाडी जागची हलली नाही, आणि आजूबाजूला शेकडो इंजिनं सुम्ने चालू. मी ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, बंद कर ते. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि केलं. पुढे ज्या जुन्या मित्राकडे निघालो होतो त्याच्या घरी उशिराच पोचलो. दार त्याच्या सुनेने उघडलं. हळू आवाजात म्हणाली, "बाबा आत्ताच झोपलेत. उठवू का?"

मी म्हटलं, "हो. उठव."

पाच मिनिटांनी तो डोळे चोळत बाहेर आला. मला ओळखायलाही त्याला जरा वेळच लागला. मी सुम्ने बसून राहिलो. मग त्याने विचारलं, "किती वाजले रे?" आणि मी घड्याळ न बघता त्याचा हात धरला.